आकाशातल्या वाहतुकीचा एक खेळ मराठीत बनवूया

दहावी-बारावीच्या वर्गात विचारून बघा, विमानांच्या क्षेत्रात कोणकोणती कामं असतात? पायलट, एअर होस्टेस, फार तर इंजिनिअर. यादी इथेच संपते. कुठलं विमान आधी उतरणार, कोणी किती उंचीवरून जायचं, वादळी ढग आडवा आला तर कोणी कुठून वळायचं, हे ठरवणारा माणूस त्या यादीत सहसा नसतो. काहींना तो म्हणजे विमानतळावर हातात दिव्याच्या कांड्या घेऊन विमान जागेवर लावणारा वाटतो. तो मार्शलर, त्याचं काम वेगळं. हवाई वाहतूक नियंत्रक, ज्याला या क्षेत्रात सगळे एटीसी म्हणतात, तो विमानतळाच्या उंच टॉवरमध्ये बसतो. पुष्कळसे नियंत्रक तर टॉवरमध्येही नसतात, रडारच्या मंद उजेडाच्या खोलीत असतात. प्रवाशांना ते कधीच दिसत नाहीत, आणि म्हणून मुलांनाही ठाऊक नसतात.

हे काम मुलांपर्यंत पोचावं म्हणून एक छोटा, फुकट, ब्राउझरमध्ये चालणारा खेळ मराठीत बनवावा, यासाठी हे आवाहन. ते कुणा एकाला नाही. गणित-विज्ञानाचे शिक्षक, संगणक शिकणारी मुलंमुली, निवृत्त नियंत्रक आणि हौशी पालक यांनी मिळून करण्याजोगं हे काम आहे. पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि खरं असेल तेच दाखवायचं हा हट्ट.

खेळच कशाला?

पोस्ट, बँक, दूधडेअरी, आकाशवाणी केंद्र इथे शाळेची सहल नेता येते. रडारच्या खोलीत नेता येत नाही. सुरक्षेचे नियम आडवे येतात, आणि चाळीस मुलं मागे उभी असताना तिथल्या माणसाने कामावर लक्ष ठेवावं अशी अपेक्षाही करता येत नाही. व्हिडिओ दाखवला तर मुलांना काय दिसतं? एक माणूस हेडफोन लावून पडद्याकडे बघतो आहे आणि अधूनमधून चार शब्द बोलतो आहे. बस. सगळं काम त्याच्या डोक्यात चाललेलं असतं. ते कळायचं तर दोन विमानं स्वतः सांभाळून बघायला हवीत. खेळात ते जमतं.

बाहेर हे ओळखलं गेलं आहे. नासाने शाळकरी मुलांसाठी ‘सेक्टर ३३’ नावाचा खेळ केला. त्यात उत्तर कॅलिफोर्नियावरचं आकाश आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेली विमानं. मार्ग किंवा वेग बदलून ती एका ठरावीक बिंदूपाशी योग्य अंतर ठेवून रांगेत आणायची. मुळात ते अंतर, वेग आणि वेळेचं गणित आहे, जे आपली मुलं आठवी-नववीत आगगाडीच्या उदाहरणांतून करतात. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने २०२१ च्या भरतीत ‘लेव्हल अप’ नावाची मोहीम काढली, आणि गेम खेळणाऱ्या तरुणांना मुद्दाम साद घातली. ‘ओपनस्कोप’ हे ब्राउझरमध्ये चालणारं सिम्युलेटर तर खुल्या कोडचं आहे. ते कसं बांधलं आहे हे कुणालाही आतून बघता येतं. ‘व्हॅटसिम’वर जगभरचे हौशी लोक आभासी विमानं उडवतात, आणि दुसरे हौशी त्यांचं नियंत्रण करतात.

हे सगळं चांगलं आहे, पण इंग्रजीतून आहे आणि बरंचसं आधीच गोडी लागलेल्यांसाठी आहे. वाशीमच्या किंवा कणकवलीच्या अकरावीतल्या मुलीला तिथे पहिल्या पाच मिनिटांत काही उमगणार नाही. ती पहिली पाच मिनिटं आपण द्यायची आहेत.

जिंकायचं म्हणजे काय करायचं?

खेळ बनवणाऱ्याने आधी या प्रश्नाचं उत्तर ठरवावं. इथे चुकलं तर पुढे कितीही सुंदर चित्रं काढली तरी उपयोग नाही.

मोबाइलवरच्या विमानांच्या खेळांचा एक साचा असतो. विमानं चहूकडून येतात, बोटाने त्यांना धावपट्टीकडे ओढायचं, विमानं वाढत जातात, शेवटी दोन आदळतात, स्फोट होतो आणि गुण मिळतात. विरंगुळा म्हणून ठीक आहे. पण या कामाची ओळख म्हणून ते साफ खोटं आहे. यातून मुलाला एवढंच कळतं, की नियंत्रक म्हणजे शेवटच्या क्षणी हात मारून विमान वाचवणारा. प्रत्यक्षात तो शेवटचा क्षण येऊच नये म्हणून दहा मिनिटं आधी छोटीशी सूचना देतो तो चांगला नियंत्रक. त्याच्या पाळीत काही घडत नाही, आणि ते त्याचं यश असतं.

चौकातला हवालदार हात दाखवून गाडी थांबवू शकतो. हवेतलं विमान थांबवता येत नाही. म्हणून इथे सगळा व्यवहार अंतराचा. मार्गावरच्या विमानांत रडारवर साधारण ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर आडवं अंतर ठेवायचं, नाहीतर १,००० फूट उभं अंतर. विमानतळाजवळच्या हद्दीत योग्य रडार असेल तर आडवं अंतर ३ मैलांपर्यंत आणता येतं. दोन्हींपैकी एक अंतर कायम हवं. दोन्ही एकाच वेळी मोडली, तर कुणाला खरचटलंही नसलं तरी त्या घटनेची नोंद होते आणि चौकशी होते.

खेळात हेच ठेवा. अंतर मोडलं त्या क्षणी खेळ थांबवा. स्फोट नको, किंकाळ्या नकोत, लाल पडदाही नको. पडदा मागे न्या आणि दाखवा, ‘तीन मिनिटांपूर्वी ही दोन विमानं एकमेकांच्या वाटेवर आली होती. तेव्हा काय करता आलं असतं?’ गुण द्यायचे ते लवकर दिलेल्या, छोट्या आणि मोजक्या सूचनांना. उगाच दहा विमानं वळवत सुटणाऱ्याचे गुण कापा. प्रत्येक वळणाने इंधन जळतं आणि प्रत्येक सूचनेने रेडिओची वाट अडते.

पहिला टप्पा नागपूरवर

आता एक टप्पा प्रत्यक्ष मांडून दाखवतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

मुंबईहून कोलकात्याला आणि दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या सरळ रेघा काढल्या तर त्या नागपूरच्या आसपास एकमेकींना छेदतात. पूर्वेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्या विमानांना या उंच आकाशात सहसा विषम पातळ्या मिळतात, ३३ हजार, ३५ हजार, ३७ हजार फूट. पश्चिमेकडच्यांना सम. गंमत अशी, की दिल्ली-चेन्नईची दिशा दक्षिणेच्या किंचित पूर्वेला पडते. म्हणजे तिलाही विषमच पातळी. तेव्हा ही दोन विमानं एकाच उंचीवर, ३५ हजार फुटांवर असणं अगदी शक्य आहे.

पडद्यावर दोनच ठिपके ठेवा. दोघांचा वेग ४८० नॉट, म्हणजे मिनिटाला ८ सागरी मैल. सोयीसाठी वाटा काटकोनात छेदतात असं धरू आणि वारा सोडून देऊ. कोलकात्याचं विमान छेदबिंदूपासून ८० मैलांवर आहे, चेन्नईचं ८४ मैलांवर. पहिलं बरोबर १० मिनिटांत तिथे पोचेल, तेव्हा दुसरं ४ मैल मागे असेल.

इथे हुशार मुलगा म्हणेल, ‘४ मैलांचं अंतर आहे, ५ पाहिजेत, म्हणजे १ मैल कमी पडतोय.’ नाही. पहिलं विमान छेदबिंदू ओलांडून पुढे जात असतं आणि दुसरं अजून जवळ येत असतं. त्यामुळे सर्वांत कमी अंतर त्यानंतर काही सेकंदांनी येतं आणि ते भरतं २.८ मैल. दहावीचा पायथागोरस इथे कामाला येतो. गणिताच्या शिक्षकांनी हा टप्पा फळ्यावरही घ्यावा.

आता खेळणाऱ्याच्या हातात तीन गोष्टी आहेत: उंची, दिशा, वेग. एकाला २,००० फूट खाली ३३ हजारांवर आणलं तर प्रश्न मिटतो. थोडं वळवलं तरी मिटतो, पण मग परत मार्गावर आणायचंही लक्षात ठेवावं लागतं. वेगाचं उदाहरण मात्र मुलांनी करून बघावंच. चेन्नईच्या विमानाला लगेच ३० नॉटने सावकाश केलं, तर पहिलं छेदबिंदूवर असताना ते ९ मैल मागे असतं आणि सर्वांत कमी अंतर साडेसहा मैल भरतं. काम झालं. हीच सूचना सहा मिनिटं उशिरा, म्हणजे छेदायला चार मिनिटं उरली असताना दिली, तर अंतर ४.४ मैल भरतं. अंतर मोडलं. तेच विमान, तीच सूचना, तेच ३० नॉट. फरक फक्त कधी सांगितलं याचा.

हा एवढा टप्पा नीट बसला की मुलाला या नोकरीचा गाभा कळला असं समजा. खेळातलं घड्याळ चौपट वेगाने चालवलं तर सगळा प्रकार अडीच मिनिटांत आटोपतो. एक गोष्ट पाळा, ठिपके गुळगुळीत सरकवू नका. रडारची तबकडी फिरते तसा ठिपका काही सेकंदांनी उडी मारतो. विमानतळाजवळच्या रडारवर ही उडी साधारण चार सेकंदांची असते. दोन उड्यांच्या मधल्या वेळात विमान कुठे असेल हे नियंत्रक मनात धरून असतो, आणि ते मुलांनाही करू द्यावं.

कान उघडे ठेवायचा टप्पा

दुसरा टप्पा बोलण्याचा. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिक जशीच्या तशी म्हणून दाखवतो, त्याला रीडबॅक म्हणतात. आणि वैमानिकाने म्हटलेलं बरोबर आहे ना, हे कान देऊन ऐकणं हे नियंत्रकाचं काम. आपल्या खेळात एक काल्पनिक विमान घेऊ, ‘नभयान २१४’.

नियंत्रक: ‘नभयान टू वन फोर, डिसेंड टू फ्लाइट लेव्हल ट्री ट्री झीरो.’

वैमानिक: ‘डिसेंडिंग टू फ्लाइट लेव्हल ट्री वन झीरो, नभयान टू वन फोर.’

(‘ट्री’ हा रेडिओवरचा ‘थ्री’.) चूक सापडली? सांगितलं ३३ हजार, ऐकलं ३१ हजार. खेळणाऱ्याने इथे थांबवून ‘निगेटिव्ह’ म्हणत सूचना पुन्हा द्यायची. चार-पाच बरोबर रीडबॅकनंतर एक चुकीचा पेरा, तोही दुसरीकडे एखादं विमान लक्ष मागत असताना. तेव्हा कळतं की हे नुसतं ऐकण्याचं काम नाही.

भाषेचं पथ्य असं: खेळाच्या सूचना, समजावणं, शाबासकी, नोंदी सगळं मराठीत. पण रेडिओवरचं बोलणं इंग्रजीतच ठेवा, खाली देवनागरीत लिहून दाखवा आणि अर्थ मराठीत द्या. आपल्या आकाशात रोजचं काम ठरलेल्या इंग्रजी वाक्यांतच चालतं. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना हे समजणं फार मोलाचं आहे. इथे फर्ड्या इंग्रजीला किंमत नाही. स्वच्छ, सावकाश, ठरलेल्या शब्दांना आहे.

हे किती गंभीर आहे ते सांगायला खेळाबाहेर एक वाचायचं पान ठेवा. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानं हवेत आदळली आणि दोन्हींतली मिळून ३४९ माणसं गेली. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजारांवर. नियंत्रकाने समोरच्या विमानाची कल्पनाही दिली होती. तरी कझाक विमान १५ हजारांच्या खाली उतरलं. वैमानिकांना इंग्रजी सूचना नीट न उमगणं हा चौकशीत पुढे आलेला एक मुद्दा. त्या वेळी दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, आणि जाणारी-येणारी विमानं एकाच वाटेने ये-जा करत. पुढे वाटा वेगळ्या केल्या आणि विमानांत टक्कर टाळणारं उपकरण सक्तीचं झालं.

हे पान वाचायलाच ठेवा. खऱ्या अपघाताचा टप्पा कधीही करू नका. ३४९ घरांचं दुःख कुणाच्या गुणांच्या रकान्यात जाता कामा नये.

मुंबईचा टप्पा शेवटी

मुलांना मुंबई हवी असते, पण ती पहिल्यांदा देऊ नका. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करता येत नाही, आणि एकाच पट्टीवरून दिवसाला हजाराच्या आसपास विमानं उतरतात-उडतात. गर्दीच्या तासात दर दीड मिनिटाच्या आत एक विमान जमिनीला लागतं किंवा जमीन सोडतं.

इथे मुलांना एक हिशेब पाठ होतो. उतरण्याच्या रांगेत १८० नॉटने येणारं विमान मिनिटाला ३ मैल कापतं. म्हणजे दोन विमानांत ३ मैल ठेवले तर मध्ये एक मिनिट मिळतं. पण पुढे बोइंग ७७७ सारखं अवजड विमान असेल आणि मागे एअरबस ३२०, तर ३ मैल पुरत नाहीत, ५ लागतात. कारण मोठ्या विमानामागे हवेचे जोरदार भोवरे उठतात. आता मध्येच एखादं विमान उडवायचं आहे, ते पट्टीच्या तोंडाशी उभं आहे. सोडायचं की थांबवायचं? या एका प्रश्नावर टप्पा रंगतो, त्याला दुसरी सजावट लागत नाही.

करिअरचं पान खरं ठेवा

आपला खेळ केवळ खेळ नाही, करिअरची ओळख आहे. तेव्हा शेवटी मुलगा विचारणार, ‘हे व्हायचं कसं?’ इथे गोलमोल लिहू नका.

आपल्या देशात नागरी हवाई नियंत्रणाचं काम भारतीय विमानतळ प्राधिकरण, म्हणजे एएआय करतं. ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) या पदासाठी प्राधिकरण स्वतः जाहिरात काढतं. २०२५ च्या जाहिरातीत ३०९ जागा होत्या. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेले, किंवा अभियांत्रिकीचे असे पदवीधर ज्यांना एखाद्या सत्रात हे दोन्ही विषय होते, ते अर्ज करू शकतात. वयाची अट २७ वर्षांपर्यंत, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. इंग्रजी बारावीच्या पातळीचं लिहिता-बोलता यायला हवं. मूळ पगाराची श्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये. संगणकावरच्या परीक्षेत निम्मा भाग गणित-भौतिकशास्त्राचा. पुढे आवाजाची चाचणी, मादक पदार्थांची चाचणी, मानसिक आणि वैद्यकीय तपासणी. अटी जाहिरातीगणिक बदलू शकतात, म्हणून पानावर तारीख टाका आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा दुवा द्या.

निवड झाल्यावर प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या केंद्रात होतं. विमानं सांभाळायला शिकवणारी देशातली एक मोठी संस्था गोंदियात आहे, हे विदर्भातल्या किती मुलांना माहीत असेल? हे वाक्य करिअरच्या पानावर ठळक अक्षरात टाका. प्रशिक्षणानंतरही लगेच एकट्याने माइक हातात मिळत नाही. नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करून त्या त्या कामाची पात्रता मिळवावी लागते: टॉवरची वेगळी, विमानतळाजवळच्या हद्दीची वेगळी, मार्गावरच्या विमानांची वेगळी.

दुसरी वाटही सांगा. पुण्याच्या लोहगावला नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि गोव्यात दाबोळीला नौदलाकडे. या दलांतल्या अधिकाऱ्यांनाही हे काम करता येतं. गोव्याचाच मोपा विमानतळ मात्र नागरी आहे. (लष्करी तळांवरचे टप्पे मात्र खेळात घेऊ नका. नागपूर, मुंबई, मोपा एवढं पुष्कळ आहे.)

आणि एक इशारा ठळक द्या. कुणी ‘एटीसीचा डिप्लोमा करा, नोकरी पक्की’ म्हणून लाखो रुपये मागत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा. नोकरी प्राधिकरणाच्या परीक्षेतून मिळते. परीक्षेच्या तयारीला शिकवणी लावायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पैसे घेऊन जागा देतो म्हणणारा माणूस फसवतो आहे, हे पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट शब्दांत कळलं पाहिजे.

कष्टही लपवू नका. रात्रपाळी असते, दिवाळी-गणपतीला सुट्टी मिळेलच असं नाही, बदली देशात कुठेही होते. लक्ष सतत जागं ठेवायचं म्हणून दोनेक तासांनी खुर्ची दुसऱ्याकडे देऊन विश्रांती घ्यावी लागते. हे वाचून जो मागे फिरेल त्याचं भलंच होईल. जो पुढे येईल तो समजून येईल. आणि चित्रात नियंत्रक मुलगी ठेवायला विसरू नका. नाहीतर वर्गातल्या मुली हे आपलं काम नाही असं गृहीत धरतील.

बांधणी साधी ठेवा

ज्यांना कोड लिहायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. हा खेळ भारी इंजिनावर बांधायची गरज नाही. काळा पडदा, काही रेघा, ठिपके आणि त्यांच्या शेजारी विमानाचं नाव, उंची, वेग. एवढंच रडार असतं. साधी जावास्क्रिप्ट आणि ब्राउझरचा कॅनव्हास पुरतो. बोटाने दाबायची बटणं मोठी ठेवा, कारण बहुतेक मुलं वडिलांच्या मोबाइलवरच खेळणार. पान हलकं असू द्या आणि एकदा उघडल्यावर इंटरनेटशिवाय चालू द्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या संगणकावरही चालेल. धोका नुसत्या लाल रंगाने दाखवू नका. आकार बदला किंवा ठिपका लुकलुकू द्या, रंग न ओळखता येणाऱ्यालाही खेळता आलं पाहिजे. आवाज असेल तिथे अक्षरंही हवीत.

खऱ्या विमान कंपन्यांची नावं आणि बोधचिन्हं वापरू नका. मुलांची नावं, फोन नंबर, शाळा, काहीच विचारू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. माहिती घेतलीच नाही तर ती कटकटही नाही. गुण त्या मुलाच्या ब्राउझरमध्येच राहू द्या. जाहिराती नकोत. कोड खुल्या परवान्याखाली ठेवा, म्हणजे उद्या कुणी तो कोकणीत किंवा अहिराणीत नेऊ शकेल. आणि पहिल्याच पडद्यावर लिहा: हा ओळखीसाठीचा खेळ आहे, प्रशिक्षण नाही.

कुणी काय करायचं

निवृत्त नियंत्रकांना माझी खास विनंती आहे. तुमच्याशिवाय हे काम खोटं होईल. कोड लिहिणारा मुलगा सूचना चुकीच्या क्रमाने लिहील, अंतर चुकीचं धरेल, आणि ते कुणाला कळणारही नाही. महिन्यातून दोन संध्याकाळी बसून ‘असं होत नाही’ एवढं जरी सांगितलंत तरी खेळ वाचेल. सेवेत असलेल्यांनी आपल्या खात्याचे नियम बघूनच हात लावावा.

शिक्षकांनी तपासणी करावी. तयार झालेला टप्पा दोन-चार मुलांसमोर ठेवा आणि गप्प बसा. समजावून सांगायचा मोह होईल, आवरा. बोट कुठे थांबतं, कपाळाला आठी कुठे पडते ते टिपा. दुरुस्ती तिथेच हवी. खेळ संपल्यावर तीन प्रश्न विचारा: नियंत्रक कशासाठी अंतर राखतो, सूचना लवकर का द्यायची, आणि हे व्हायला बारावीला कोणते विषय घ्यावे लागतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर करिअरचं पान पुन्हा लिहा.

कॉलेजच्या मुलांनी मोठं काहीतरी करायच्या भरीला पडू नये. वीस टप्प्यांचा अर्धवट खेळ करण्यापेक्षा नागपूरचा एक टप्पा नीट पुरा करा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तो सहज पुरतो. तारीख हवी असेल तर २० ऑक्टोबर धरा. तो जगभर हवाई वाहतूक नियंत्रक दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळांना दुवा पाठवायला निमित्तही मिळेल.

आणि कोडची एक ओळ लिहायच्या आधी हे करा. चौकटीचा मोठा कागद घ्या, त्यावर छेदणाऱ्या दोन रेघा ओढा, चार मैलांना एक चौकट धरा. दोन बटणं विमानं म्हणून ठेवा आणि प्रत्येक मिनिटाला दोन-दोन चौकटी पुढे सरकवा. एक मूल नियंत्रक होऊ दे, दोन मुलं वैमानिक. सूचना मोठ्याने द्यायची, मोठ्याने परत म्हणायची. यात मुलं रमली तर ब्राउझरमध्येही रमतील. नाही रमली तर कुठे अडतं ते कागदावरच सुधारून घ्या, तिथे सुधारायला एक खोडरबर पुरतं. हे येत्या आठवड्यात, एका तासिकेत होण्यासारखं आहे. करा, आणि मग जोडीला माणसं शोधा.